संमतीपत्रावरची सही: झडतीला दिलेला होकार कितपत ऐच्छिक?

प्रश्न असा आहे. साध्या वेशातल्या पोलिसांनी रस्त्यात अडवलं, अंमली पदार्थांची खबर असल्याचं सांगितलं, एका कागदावर सही घेतली आणि मग अंगाची व बॅगेची झडती घेतली. कागदावर लिहिलंय की झडतीला हरकत नाही. सही करताना 'नाही' म्हणता येतं हे डोक्यातही आलं नव्हतं. मग ही संमती खरी धरली जाईल का?

रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने ती बहुतेक वेळा ऐच्छिक नसते. पण 'घाबरून सही केली' एवढ्याच बचावावर आपल्याकडे खटला सहसा पडत नाही. न्यायालय मनात काय होतं ते शोधत बसत नाही. झडतीआधी काय सांगितलं, कोणी सांगितलं, कुठल्या भाषेत, किती वाजता, आणि तो कागद त्या वेळी तिथे खरंच होता का, हे ते पाहतं. बचावाची ताकद तिथे लावायची असते. भीतीचा मुद्दा उलटतपासणीत जरूर घ्यावा, पण सगळी मदार त्याच्यावर ठेवू नये.

झडती ही संमतीवर चालते, या समजुतीने बरेच जण फसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेसारखंच तिच्यातही 'संमतीने झडती' असं वेगळं कलम नाही. तिथली कलमं अधिकार देतात. कलम ९६ खाली न्यायालय वॉरंट काढतं. कलम १८५ खाली ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, पण त्याने आधी कारणं लिहायची असतात, शक्यतो कोणती वस्तू शोधतोय तेही लिहायचं असतं, आणि त्या नोंदीची प्रत जास्तीत जास्त ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. अटक झालेल्याची अंगझडती कलम ४९ खाली होते. म्हणजे अधिकार असेल तर तुमच्या होकाराची गरज नाही. अधिकार नसेल, किंवा कारणं लिहायचा कंटाळा केला असेल, तर होकाराचा कागद ते भोक बुजवायला वापरला जातो. म्हणून घरझडतीच्या कागदपत्रांत 'घरमालकाने स्वखुशीने झडती घेऊ दिली' असं वाक्य दिसलं की कलम १८५ ची नोंद कुठे आहे ते आधी शोधावं. पुष्कळदा ती नसते.

ती नोंद नसली तरी सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनेत नाही. पूरनमल प्रकरणात पुढे ठरलं की झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा संबंधित असेल तर तो वाचता येतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि त्याच्या आधारे पूरनमलवर पुन्हा विचार व्हावा असा युक्तिवाद केला जातो, तो करावाही. पण सत्र न्यायालयात आज पूरनमलच चालतो. झडतीतल्या उणिवांनी पुराव्याचं वजन कमी होतं, पंच आणि तपासी अधिकारी यांच्यावरचा विश्वास ढळतो, एवढाच त्यांचा उपयोग.

अमेरिकेत हा प्रश्न इतका गाजतो त्याचं कारण तिथे बेकायदा झडतीतला पुरावा बाहेर काढता येतो. साहजिकच तिथले पोलीस संमती मागतात आणि सगळा वाद संमतीवर होतो. १९७३ च्या श्नेकलॉथ विरुद्ध बुस्टामोंटे निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती ऐच्छिक होती का हे एकूण परिस्थितीवरून ठरवायचं, आणि नकाराचा हक्क आहे हे त्या माणसाला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञांना हे पटत नाही, आणि त्यांच्याकडे आधार आहे. येल लॉ जर्नलमध्ये २०१९ साली आलेल्या रोझेना सॉमर्स आणि व्हनेसा बोन्स यांच्या अभ्यासात प्रयोगशाळेत आलेल्या लोकांना आपला फोन अनलॉक करून तपासायला द्यायला सांगितलं, तर जवळपास ९७ टक्क्यांनी दिला. दुसऱ्या गटाला फक्त विचारलं की एखादा समंजस माणूस असा फोन देईल का, तेव्हा जेमतेम १४ टक्के 'हो' म्हणाले. समोर गणवेश नव्हता, अटकेची धास्ती नव्हती, तरी इतका फरक. निकाल लिहिणारे न्यायाधीश नेमके या दुसऱ्या गटात बसलेले असतात. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे: नकार देता येतो असं आधी सांगितलं, तरी होकार देणाऱ्यांची संख्या फारशी घटली नाही.

आपल्या अंमली पदार्थ कायद्यातला, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातला उपाय मात्र 'सांगणे' हाच आहे. कलम ५० म्हणतं की संशयिताची अंगझडती घेण्याआधी, त्याने मागणी केली तर, त्याला विनाविलंब जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे न्यायचं. हा अधिकारी कलम ४२ मध्ये आलेल्या खात्यांपैकी असतो, म्हणून महसूल किंवा उत्पादन शुल्क खात्यातलाही चालतो. त्याला झडतीसाठी वाजवी कारण दिसलं नाही तर माणसाला लगेच सोडायचं. १९९९ च्या बलदेव सिंग निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की हा हक्क संशयिताला सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे. ते केलं नाही तर अंगावर मिळालेला माल संशयास्पद ठरतो आणि निव्वळ त्या मालावर दिलेली शिक्षा टिकत नाही. काही खंडपीठांनी 'साधारणपणे पालन झालं तरी पुरे' अशी वाट काढली होती. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात दुसऱ्या घटनापीठाने ती बंद केली: पालन काटेकोरच हवं, आणि शक्यतो दंडाधिकाऱ्याकडे नेण्याचा प्रयत्न व्हावा. त्याच निकालात हेही आहे की हक्क कळल्यावर तो वापरायचा की नाही हे संशयिताने ठरवायचं.

संमतीपत्र जन्माला येतं ते इथे. 'मला त्याची गरज नाही, आपण माझी झडती घ्यावी' हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रकरणात सापडतं. राज्यभरातल्या अनोळखी आरोपींना एकच वाक्य, त्याच शब्दांत सुचतं, हे न्यायालयाच्या नजरेस आणून द्यायला हरकत नाही.

सांगूनही माणूस मोकळा होत नसेल तर सांगण्याचा हट्ट कशाला? कारण सांगितलं की नाही, कसं सांगितलं, हे तपासता येतं, आणि मनाची अवस्था तपासता येत नाही. कलम ५० वरचे निकाल वाचताना हे धरून चाललं तर ते पुष्कळ सुसंगत वाटतात. त्यातले काही मुद्दे कामाचे आहेत.

संयुक्त संमतीपत्र. दोघांना मिळून एकच पत्र दिलं आणि एकाने दोघांच्या वतीने सही केली, असं २०१४ च्या राजस्थान विरुद्ध परमानंद प्रकरणात झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हक्क प्रत्येकाला वेगवेगळा सांगितला पाहिजे. त्याच प्रकरणात तिसरा पर्यायही दिला होता: दंडाधिकारी, राजपत्रित अधिकारी, नाहीतर छापा पथकाबरोबर आलेले अधीक्षक. तोही चुकीचा ठरला, कारण पथकातला माणूस तटस्थ नसतो. आजही पुष्कळ पंचनाम्यांत 'सोबत असलेले राजपत्रित अधिकारी' असं लिहिलेलं दिसतं. ते आधीपासून पथकात होते की निरोप गेल्यावर आले, हे स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक आणि त्यांच्या फोनचं लोकेशन यांवरून ठरतं.

शब्द. 'आपली इच्छा असल्यास राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेता येईल' आणि 'तसं करवून घेण्याचा आपणांस कायदेशीर हक्क आहे' या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात सोय सुचवली आहे, दुसऱ्यात हक्क सांगितला आहे. ठराविक मसुदा कायद्यात नाही, आणि तोंडी सांगितलं तरी चालतं. पण मग पंच आणि अधिकारी यांनी साक्षीत तेच शब्द सांगितले पाहिजेत. तिघांच्या साक्षीत तीन वेगळी वाक्यं आली की सरकार पक्ष अडचणीत येतो. म्हणून पंच, छापा अधिकारी आणि राजपत्रित अधिकारी या तिघांनाही हा एकच प्रश्न विचारावा: नेमके काय शब्द वापरले? ते आठवत नसतील तर उत्तर तसंच नोंदवून घ्यावं, आणि पुढचा प्रश्न विचारून साक्षीदाराला सावरायची संधी देऊ नये.

भाषा. आरोपी ओडिया किंवा नेपाळी बोलणारा आणि पत्र मराठीत, हे सर्रास घडतं. मग 'हिंदीतून समजावून सांगितलं' अशी ओळ जोडली जाते. कोणी समजावलं, त्याला ती भाषा किती येते, त्याचा जबाब घेतलाय का? स्थानबद्धतेची कारणं माणसाला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र प्रकरणात १९६२ मध्येच सांगून ठेवलंय. तो संदर्भ कलम ५० चा नाही, पण न कळणाऱ्या भाषेत सांगणं म्हणजे न सांगणंच, हे तत्त्व इथेही लागू पडतं.

वेळ. संमतीपत्रावर १८.१०, पंचनाम्याची सुरुवात १७.५०, आणि पंचनाम्यातल्या क्रमानुसार पत्र दिलं गेलं माल सापडल्यानंतर. असं निघालं तर उरलेला कागद वाचायचीही गरज नाही. त्याहून सोपी खूण म्हणजे गुन्हा क्रमांक. झडतीआधी दिलेल्या पत्रावर गुन्हा रजिस्टर क्रमांक असूच शकत नाही, कारण गुन्हा तेव्हा दाखलच झालेला नसतो. तो क्रमांक त्याच शाईने, त्याच ओळीत, मजकुराच्या ओघात असेल तर पत्र ठाण्यात बसून लिहिलंय, असा युक्तिवाद करता येतो. नंतर कोपऱ्यात घातलेला असेल तर अधिकारी तसं सांगून सुटतो. म्हणून मूळ प्रत पाहिल्याशिवाय हा मुद्दा काढू नये. झेरॉक्सवर शाई दिसत नाही.

हस्ताक्षर. प्रश्न पोलिसाच्या अक्षरात आणि उत्तरही त्याच्याच अक्षरात, खाली फक्त आरोपीची सही किंवा अंगठा. आरोपी लिहू शकत असेल तर उत्तर त्याच्या हाताने का लिहून घेतलं नाही?

आता त्यागाबद्दल, म्हणजे 'मला गरज नाही' म्हणण्याबद्दल. आरिफ खान प्रकरणात २०१८ मध्ये आरोपीने पोलिसांनीच झडती घ्यावी अशी संमती दिली होती, तरीही दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर झडती न झाल्याने तो सुटला. त्यावरून 'संमती असली तरी न्यावंच लागतं' असा अर्थ बरेच वकील काढतात. पण कलमातच 'त्याने मागणी केली तर' असे शब्द आहेत आणि दोन्ही घटनापीठांनी त्याग शक्य मानलाय. एकट्या आरिफ खानवर युक्तिवाद उभा करणं जोखमीचं आहे. त्याग अमान्य आहे असं म्हणण्यापेक्षा हक्क नीट कळवलाच नव्हता, मग त्याग कशाचा, असं म्हणणं जास्त टिकतं.

कलम ५० ची मर्यादा बऱ्याच अशिलांना उशिरा कळते. ते फक्त अंगझडतीला लागू आहे. बॅग, डिकी, घर यांना नाही. हिमाचल प्रदेश विरुद्ध पवन कुमार या २००५ च्या निकालात हातातली पिशवी 'अंग' नाही असं ठरलं, आणि २०२३ च्या रंजन कुमार चढ्ढा निकालाने ते पुन्हा पक्कं केलं. वरच्या प्रश्नात माल बॅगेत सापडला असेल तर संमतीपत्रातल्या चुकांचा थेट फायदा मिळणार नाही. तिथे कलम ४२ पाहावं: खबर लिहून घेतली का, ७२ तासांत वरिष्ठाला कळवली का, आणि बंद जागेत सूर्यास्तानंतर शिरले असतील तर वॉरंट न घेण्याची कारणं नोंदवली का. जागा सार्वजनिक असेल तर मात्र कलम ४३ लागू होतं आणि हा मुद्दाही निसटतो. दुसऱ्याच गुन्ह्याच्या तपासात अचानक माल सापडला तरी कलम ५० चा प्रश्न येत नाही.

एक विसंगती इथे नोंदवायला हवी. पोलिसासमोर दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली आरोपीविरुद्ध वाचता येत नाही. जुन्या कायद्यातही कलम २५ ला हेच होतं. पोलिसासमोर माणूस मोकळेपणाने बोलत नाही हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मानलं. मग त्याच पोलिसासमोर, त्याच मिनिटाला केलेली झडतीची सही मोकळ्या मनाची कशी? सेल्वी निकालात, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नार्को (औषध देऊन बोलतं करणं) आणि पॉलिग्राफ (खोटं पकडणारं यंत्र) चाचण्यांसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं पाळायला सांगितली. त्यांत संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची आणि वकील उपलब्ध असायचा अशी अट आहे. अंगझडतीसाठी इतकं सगळं रस्त्यात शक्य नाही, हे मान्य. पण दंडाधिकारी कार्यालय हाकेच्या अंतरावर असताना नेलं का नाही, हा प्रश्न जडेजा निकालाच्या आधाराने नक्की विचारता येतो.

फोनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे तुमच्या होकाराला खरंच किंमत आहे. फोन जप्त करता येतो, पण पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का यावर न्यायालयांचं एकमत नाही. वीरेंद्र खन्ना प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं मत दिलं, तर पुढच्याच वर्षी दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने उलट भूमिका घेतली. त्यामुळे रस्त्यावर 'जरा फोन उघडून दाखव' म्हटल्यावर तो उघडून हातात देणं म्हणजे पोलिसांची मोठी अडचण स्वतःच दूर करणं. लेखी नोटीस मागा. फोन घेतलाच तर पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, फोन चालू होता की बंद, आणि डेटा काढल्यास त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटात बदल झाला की बदलणारा त्याचा ओळख-आकडा, लिहायला सांगा. हॅश नसेल तर नंतर काय घातलं आणि काय काढलं हे कोणीच सांगू शकत नाही.

प्रत्यक्ष झडतीच्या वेळी काय करावं? अंगावर जाऊ नका, हात धरू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आहे आणि बळ वापरल्यास कलम १३२, आणि मूळ प्रकरणात काही नसलं तरी ही कलमं लागू शकतात. शांतपणे, पंचांना ऐकू जाईल असं म्हणा: 'माझी संमती नाही, मी अडवतही नाही.' एनडीपीएसचं प्रकरण असेल तर 'मला दंडाधिकाऱ्यासमोर न्या' एवढंच म्हणा. राजपत्रित अधिकाऱ्यापेक्षा दंडाधिकारी मागितलेला बरा. सही करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने वेळ लिहा आणि 'वाचून दाखवलं नाही' किंवा 'संमती नाही' हे दोन-तीन शब्द लिहा. छापील पत्रावर हाताने लिहिलेले तीन शब्द न्यायालयात तासाभराच्या युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडतात. बाईची झडती बाईनेच घ्यायची, यात कसलीच तडजोड नाही. अनेक पंचनाम्यांत पोलिसांनी आधी स्वतःची झडती देऊ केली आणि आरोपीने ती नाकारली असं ठरीव वाक्य असतं. तसं झालं नसेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ आता कामाला येतं. झडती, जप्तीची यादी आणि पंचांच्या सह्या यांचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. चित्रीकरण बहुधा माल हातात धरल्यापासून सुरू होतं, त्याआधीचं विचारणं-सांगणं त्यात नसतं. ते नसणं हा बचावाचा मुद्दा आहे. दोषारोपपत्राच्या प्रती मिळतात तेव्हाच चित्रीकरणाची प्रत मागा. पंचांबद्दलही पाहा: कलम १०३ प्रमाणे ते स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि त्या भागातले असावेत. तोच पंच त्याच ठाण्याच्या आणखी किती प्रकरणांत आहे, हे न्यायालयाच्या नोंदींत शोधता येतं.

जामिनाच्या टप्प्यावर संमतीपत्राच्या दोषांकडून फार अपेक्षा ठेवू नये. व्यावसायिक प्रमाण असेल, म्हणजे गांजा २० किलोपेक्षा, चरस १ किलोपेक्षा, हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा जास्त, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ३७ ची जामिनाची कडक अट लागते, आणि कलम ५० चं पालन हा पुराव्यावेळी पाहायचा विषय, असं उत्तर बहुधा मिळतं. दोघांचं एकच पत्र किंवा पथकातला 'तिसरा पर्याय' अशी कागदावरच उघड दिसणारी चूक असेल तर मात्र ती जामीन अर्जातच मांडावी.

आणि सीसीटीव्हीचा अर्ज आठवड्याभरात करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपायला सांगितलंय. तरी व्यवहारात 'यंत्र बिघडलं होतं' हे उत्तर फार लवकर येतं, आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण तर काही दिवसांतच पुसलं जातं. अर्जात ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉबी आणि लॉकअप यांचे कॅमेरे, तारीख आणि दोन तासांची चौकट स्पष्ट लिहा. त्याच अर्जात छापा अधिकारी, पंच आणि राजपत्रित अधिकारी यांच्या फोनची लोकेशन नोंद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली जतन करून ठेवण्याचा आदेश मागा. संमतीपत्र १८.१० ला रस्त्यावर लिहिलं म्हणणारा अधिकारी त्या वेळी ठाण्यात होता, हे त्यातूनच निघतं.